‘चेक’ म्हणजे फक्त तपासणं? अर्थ आणि मूळ शोधताना या चुका टाळा

भाषांतराची कामं घ्यायला लागलो त्या पहिल्याच वर्षी अमेरिकेच्या राज्यघटनेवरचा एक लेख माझ्याकडे आला. त्यात ‘चेक्स अँड बॅलन्सेस’ हे शब्द चार वेळा होते. तीन ठिकाणी मी ‘तपासण्या आणि समतोल’ असं लिहून वेळ मारून नेली. चौथं ठिकाण आलं तेव्हा रात्रीचा एक वाजून गेला होता. तिथे मी चक्क ‘धनादेश आणि शिल्लक’ लिहिलं. लेख परत आला तेव्हा समासात तांबड्या शाईने विचारलेलं होतं, ‘राज्यघटना आहे की पासबुक?’

‘धनादेश’वर मीही हसलो. पण खरी चूक पहिल्या तीन ठिकाणी होती, आणि ती चूक आहे हेच कळायला मला बरीच वर्षं लागली. ‘चेक’ हा शब्द तोंडात इतका बसलेला आहे की तो कोशात बघावा असं मनातही येत नाही. मेल चेक कर, चेक वटला का, चेक्सचा शर्ट, हॉटेलात चेक-इन. चार ठिकाणी चार अर्थ, पण शब्द एकच. तो नेमका कुठून निघाला आणि कुठे कुठे वळला हे माहीत नसलं की ज्या चुका होतात, त्यातल्या बऱ्याचशा मी स्वतः केलेल्या आहेत.

आजचा अर्थ हाच मूळचा अर्थ समजणं

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक, म्हणून हिच्यापाशी जरा थांबतो.

इंग्रजीत हा शब्द इसवी सन १३०० च्या सुमारास दिसू लागतो, तो बुद्धिबळाच्या पटावरून. समोरच्याचा राजा माऱ्यात आला की खेळाडू ‘चेक’ म्हणून इशारा द्यायचा. आपण तिथे ‘शह’ म्हणतो. ‘शह’ हे ‘चेक’चं नुसतं भाषांतर नाही, दोन्ही शब्द मुळात एकच आहेत. फारसीत ‘शाह’ म्हणजे राजा. फारसीतून तो अरबीत गेला, मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘स्काकुस’ झाला, जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’ झाला, आणि इंग्रजांनी पुढचा ‘ए’ गाळून त्याचा ‘चेक’ केला. मराठीत तो फारसीच्या वाटेने आला, युरोपचा वळसा त्याला पडला नाही, म्हणून तो ओळखू येईल इतपत तरी राहिला.

आणखी मागे गेलं तर जुन्या फारसीतला ‘क्षायथिय’ हा राजासाठीचा शब्द भेटतो. प्राचीन इराणचा सम्राट दरायस याच्या बेहिस्तून शिलालेखात तो पुन्हा पुन्हा कोरलेला आहे. संस्कृतातले ‘क्षत्र’ आणि ‘क्षत्रिय’ हे याच कुळातले. म्हणजे ‘चेक’ आणि ‘क्षत्रिय’ एकमेकांचे लांबचे का होईना, नातेवाईक.

आता पटावर काय होतं ते बघा. शह बसला की राजाला मोकळेपणाने हलता येत नाही, बाकी सगळे बेत बाजूला ठेवून आधी राजा सोडवावा लागतो. म्हणून ‘चेक’ला पटाबाहेर जो पहिला अर्थ चिकटला तो ‘अडवणं, थोपवणं’. हे चौदाव्या शतकातलं. पुढे त्यातून ‘लगाम घालणं, काबूत ठेवणं’ हा अर्थ निघाला. एखादी गोष्ट नोंदीशी ताडून पाहणं, म्हणजे आपलं ‘तपासणं’, हा अर्थ यायला सतरावं शतक सरत आलं. तोही अडवण्यातूनच आला आहे, कारण ताडून पाहिलं की चूक किंवा लबाडी पुढे जात नाही.

या क्रमाचा रोजच्या वाचनात उपयोग होतो. ‘चेक’ असलेलं वाक्य ‘तपासणं’ घालून विचित्र वाटलं, की तिथे ‘शह’ किंवा ‘अटकाव’ घालून बघायचं. दहातल्या नऊ वेळा गाठ सुटते. ‘द फायर स्प्रेड अनचेक्ड’ याचं ‘आग न तपासता पसरली’ असं मराठी मी छापील मजकुरात वाचलेलं आहे. आग तपासायला कोण जाणार होतं? ती बेफाम पसरली, कुणी अडवलीच नाही, एवढाच त्याचा अर्थ. राग ‘इन चेक’ ठेवला म्हणजे राग आवरला. आइस हॉकीत ‘बॉडी चेक’ म्हणजे अंगझडती नव्हे, प्रतिस्पर्ध्याला अंगाने दिलेली धडक.

आता ‘चेक्स अँड बॅलन्सेस’. अमेरिकेत काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, मंजूर केलेलं विधेयक राष्ट्राध्यक्ष नकाराधिकार वापरून अडवू शकतात. आणि तो नकार काँग्रेस दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतांनी मोडीत काढू शकते. यात कुणी कुणाचं काही तपासत नाही. हे सरळसरळ शह आणि काटशह आहेत. मराठीत ‘नियंत्रण आणि समतोल’ असा प्रतिशब्द रुळलेला आहे आणि तो बरोबरही आहे, पण मला तो जरा सपक वाटतो. ‘काटशह’सारखा शब्द घरात असताना आपण तो फक्त पक्षांच्या भांडणांच्या बातम्यांत खर्च करतो.

कुठली मोडणी जुनी ते न बघता एकीला चूक ठरवणं

बँकेचा चेक लिहिताना शेवटी ‘क्यू-यू-ई’ असलेली मोडणी, म्हणजे स्पेलिंग, ‘शुद्ध’, आणि ‘सी-के’ असलेली म्हणजे अमेरिकनांनी बिघडवलेली, असं आपल्याला शाळेपासून वाटत आलेलं असतं. प्रत्यक्षात उलटं आहे. ‘सी-के’वाली मोडणी जुनी. अठराव्या शतकात इंग्लंडमध्येही पैशांच्या कागदासाठी तीच वापरात होती. ‘क्यू’वाली नंतर रुळली, आणि ती रुळायला बहुधा ‘एक्सचेकर’ या सरकारी खजिन्याच्या नावाचं वजन कारणीभूत झालं. अमेरिकनांनी नवं काही केलं नाही, जुनं होतं ते सोडलं नाही इतकंच.

या कागदाला ‘चेक’ नाव पडलं तेही शह-अटकावाच्याच अर्थाने. रकमेत फेरफार होऊ नये म्हणून जपून ठेवायचं स्थळपत्र (काउंटरफॉइल), म्हणजे फसवणुकीला घातलेला पायबंद. आधी त्या स्थळपत्राला चेक म्हणत, मग हळूहळू पैसे द्यायला सांगणाऱ्या मूळ कागदालाच म्हणू लागले.

व्यवहारात लक्षात ठेवायचं ते थोडं आहे. ब्रिटिश पद्धतीने लिहीत असाल तर बँकेच्या कागदापुरती ‘क्यू’वाली मोडणी, बाकी सगळीकडे, क्रियापद असो की नाम, ‘सी-के’. ‘प्लीज चेक’ असं लिहिताना ‘क्यू’ घालणारे लोक मी पाहिले आहेत, बहुधा जास्त सभ्य दिसावं म्हणून. अमेरिकन पद्धतीत मात्र सगळीकडे ‘सी-के’च. तिथे हॉटेलात ‘चेक, प्लीज’ म्हटलं की बिल येतं.

वस्तूचं वय आणि शब्दाचं वय एकच धरणं

इंग्लंडमधल्या आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या हस्तलिखित चेकांपैकी एक १६५९ सालचा आहे, ४०० पौंडांचा. तेव्हा अशा कागदाला अजून ‘चेक’ म्हणत नव्हते. वस्तू आधी आली, नाव मागाहून.

हे ध्यानात नसलं की आणखी एक घोटाळा होतो. मध्ययुगीन अरब व्यापाऱ्यांत पैसे देण्याच्या लेखी हुकमाला ‘सक्क’ म्हणत. ‘सक्क’ आणि ‘चेक’, कामही तेच, उच्चारही जवळचा, मग शब्द तिथूनच आला असणार, असं अनेक ठिकाणी ठासून लिहिलेलं आढळतं. बँकिंगचा इतिहास म्हणून ‘सक्क’ची गोष्ट खरी आहे. पण इंग्रजी कोशकार ‘चेक’चा माग शहाकडेच नेतात, आणि त्याला कारण आहे. शहाच्या वाटेवर लॅटिन, फ्रेंच, मध्ययुगीन इंग्रजी असे सगळे थांबे लेखी सापडतात, आणि ‘अडवणं’पासून ‘स्थळपत्र’पर्यंत अर्थ पायरीपायरीने सरकताना दिसतो. ‘सक्क’पासून अठराव्या शतकातल्या लंडनपर्यंत तशा पायऱ्या नाहीत. कुठल्याही व्युत्पत्तीची हीच परीक्षा घ्यावी. दोन टोकं किती सारखी दिसतात हे नंतर बघायचं, मधले टप्पे आहेत का ते आधी.

चौकडीचा संबंध न लागणं

शर्टावरच्या ‘चेक्स’चा शहाशी काय संबंध, असा प्रश्न मला बरेच दिवस पडला होता. मी आपला अंदाज बांधला होता की हा वेगळाच शब्द असावा. अंदाज साफ चुकला.

बुद्धिबळाच्या पटाला जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेकिए’ म्हणत. पटासारखी चौकडी असलेलं कापड म्हणून ‘चेकर्ड’, आणि त्याचं लघुरूप ‘चेक’. त्याच पटाच्या शब्दावरून ब्रिटिश खजिन्याचं ‘एक्सचेकर’ हे नाव आलं, आणि त्याची हकिगत सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

बाराव्या शतकात, इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याच्या काळात, राजाचे परगण्यांवरचे अधिकारी म्हणजे शेरीफ वर्षातून दोनदा हिशेब द्यायला यायचे. त्यासाठी सुमारे दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद असं एक मेज मांडलेलं असे. कडेला चार बोटं उंचीची पट्टी, म्हणजे वरच्या चकत्या खाली पडायला नकोत. मेजावर रेघा आखलेलं काळं कापड. त्या रेघांमधल्या घरांत चकत्या ठेवून पेन्स, शिलिंग, पौंड, शेकडे, हजार मोजायचे. हे सगळं राजाचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने लिहून ठेवलं आहे. नाव असं का पडलं याची दोन कारणं त्याने दिली आहेत. एक म्हणजे मेज पटासारखं दिसतं. दुसरं मला फार आवडतं: पटावर जशी दोन बाजूंची लढाई चालते, तशी इथे खजिनदार आणि शेरीफ यांच्यात जुंपते. ब्रिटनचे अर्थमंत्री आजही ‘चान्सलर ऑफ द एक्सचेकर’ म्हणवतात, म्हणजे शब्दशः पटाचे कारभारी.

आणि ‘एक्सचेकर’मधला ‘एक्स’ ही स्वतःच एक चूक आहे. मूळ फ्रेंच शब्दाच्या सुरुवातीला ‘एस’ होतं. कुणा लॅटिनच्या पंडितांना वाटलं की हा लॅटिन ‘एक्स’ उपसर्गाचा शब्द बिघडलेला असणार, आणि त्यांनी तो ‘सुधारला’. त्यामुळे ‘एक्सचेंज’सारखाच हाही ‘एक्स’चा शब्द असेल असं कुणाला वाटलं, तर त्याला फार हसू नये.

चेकमेट म्हणजे ‘राजा मेला’

असं सर्रास सांगितलं जातं. ‘शाह मात’मधला ‘मात’ अरबीतल्या ‘मेला’ या अर्थाच्या ‘माता’शी जुळतो, म्हणून ही समजूत जुनी आणि पुष्कळ पसरलेली आहे. अनेक अभ्यासक मात्र तो फारसी ‘मात’ मानतात: हतबल झालेला, चकित, उपाय खुंटलेला. खेळही तेच सांगतो. बुद्धिबळात राजा कधी मारला जात नाही, त्याला जायला जागा उरली नाही की डाव तिथेच थांबतो.

मराठी माणसाला खरं तर यात गोंधळ व्हायचं काही कारण नाही. आपण संकटावर ‘मात करतो’ म्हणजे ते निष्प्रभ करतो, कुणाला ठार मारत नाही. जर्मनमध्ये ‘मात्त’ म्हणजे थकलेला, गलितगात्र, आणि तोही या पटावरूनच तिकडे गेला. फ्रेंचमध्ये तर ‘एशेक’चा अर्थच ‘अपयश’ असा झाला आहे. एखाद्या शब्दाचा मूळ अर्थ ठरवताना त्याची भावंडं दुसऱ्या भाषांत कशी नांदतात हे बघावं, ते अशासाठी.

चेस हा शब्द ‘चतुरंग’वरून आला असं सांगणं

खेळ चतुरंगावरून आला हे खरं. भारतातून तो इराणात गेला तेव्हा ‘चत्रंग’ झाला, अरबीत ‘शतरंज’, आणि स्पॅनिशमध्ये ‘आखेद्रेस’. तिथपर्यंत ‘चतुरंग’ची वाट स्पष्ट दिसते. पण इंग्रजीतला ‘चेस’ या वाटेवरचा नाही. तो जुन्या फ्रेंचमधल्या ‘एशेक’चं अनेकवचन, ‘एशे’, यातून आला. म्हणजे ‘चेस’चा शब्दशः अर्थ ‘शह’ नव्हे, ‘अनेक शह’. खेळ आपला, नाव मात्र इराणच्या राजाचं. ही चूक अभिमानाच्या भरात होते, त्यामुळे कुणाला दुरुस्त करायला गेलं की वाद ओढवतो. तयारी ठेवून जावं.

सारखा दिसतो म्हणून सख्खा समजणं

‘चेकमेट’मधला ‘मेट’ आणि मित्र या अर्थाचा ‘मेट’ एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत. दुसरा जर्मनिक भाषांतून आला. त्याचा मूळ अर्थ एका पंगतीत जेवणारा, आणि त्याचं नातं ‘मीट’ या शब्दाशी आहे, जेव्हा ‘मीट’ म्हणजे मांस नव्हे तर कुठलंही अन्न होतं तेव्हाचं. आणि ‘चेक प्रजासत्ताक’मधला ‘चेक’ तर त्या लोकांचं स्वतःचंच नाव. इंग्रजीने पोलिश पद्धतीची मोडणी घेतली म्हणून ते लिहिताना विचित्र दिसतं. देवनागरीत मात्र ती सोयही राहत नाही, दोन्ही ‘चेक’ अगदी जुळे दिसतात.

मराठीतही असं होतं. शहा म्हणजे राजा, म्हणून ‘शहाणा’ म्हणजे राजासारखा अक्कल असलेला, असं मला एका हुशार गृहस्थांनी पटवून दिलं होतं. ‘शहाणा’ हा ‘सज्ञान’वरून आलेला आहे.

याच्या जोडीला आद्याक्षरांचा आजार आहे. कुठल्याही छोट्या इंग्रजी शब्दाचा ‘फुल फॉर्म’ असतो अशी एक समजूत आहे. ‘न्यूज’ म्हणजे चार दिशांची आद्याक्षरं, हे त्यातलं सगळ्यांत प्रसिद्ध. प्रत्यक्षात तो ‘न्यू’ म्हणजे ‘नवं’ याच शब्दाचा विस्तार. आद्याक्षरं जोडून शब्द करण्याची चाल मुख्यत्वे विसाव्या शतकातली आहे, तेव्हा त्याआधीच्या कुठल्याही शब्दाचा फुल फॉर्म कुणी सांगितला तर आधी शंका घ्यावी.

बिल्ल्याचा अर्थ विसरणं

‘चेक’चा एक अर्थ हल्ली दिसेनासा झाला आहे, पण त्याच्या खुणा सगळीकडे आहेत. वस्तू ठेवायला दिली की तिची खूण म्हणून मिळणारा बिल्ला किंवा पावती, म्हणजे चेक. चोरी आणि अदलाबदलीला घातलेला अटकाव. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन रेल्वेत प्रवाशाचं सामान ताब्यात घेऊन त्याला पितळेचा बिल्ला देत, तो ‘बॅगेज चेक’. म्हणून विमानतळावरचं ‘चेक्ड बॅगेज’ म्हणजे ‘तपासलेलं सामान’ नव्हे. तपासलं तर तुमच्या हातातली पिशवीही जाते. ‘चेक्ड’ म्हणजे बिल्ला लावून त्यांच्या हवाली केलेलं. हातातल्या बॅगेची तपासणी झाली म्हणून तिला ‘चेक्ड’ म्हणाल तर काउंटरवरचा माणूस ती मागून घेईल आणि ती थेट विमानाच्या पोटात जाईल.

‘रेन चेक’ही त्याच बिल्ल्यांपैकी. बेसबॉलचा सामना पावसाने रद्द झाला तर प्रेक्षकांना पुन्हा येण्यासाठी तिकिटाचा अर्धा भाग चालायचा, तो ‘रेन चेक’. आज कुणी जेवणाच्या आमंत्रणावर ‘मी रेन चेक घेते’ म्हणाली तर ती ‘आज नको, पुन्हा कधीतरी’ म्हणते आहे. पहिल्यांदा मला असं उत्तर आलं तेव्हा मी खिडकीतून बाहेर बघून ‘आभाळ तर निरभ्र आहे’ असं कळवलं होतं.

मूळ अर्थ हाच खरा, असा हट्ट

इतकं सगळं वाचून कुणी म्हणेल, मग ‘मेल चेक कर’ हे चुकीचंच. नाही. शब्द ज्या अर्थाने चालतो तो त्याचा अर्थ, मूळ कुठलंही असो. मूळ धरून बसायचं तर ‘चेक’ म्हणजे ‘अहो राजे!’ एवढंच उरेल, आणि मग बँकेत काय लिहून देणार?

शेपटाला येणाऱ्या छोट्या शब्दांकडे मात्र लक्ष ठेवा, कारण रोजच्या लिहिण्यात गडबड तिथेच होते. ‘चेक विथ’ म्हणजे एखाद्याला विचारणं. ‘चेक फॉर’ म्हणजे काहीतरी आहे का ते शोधणं, जसं चुका किंवा गळती. ‘चेक ऑन’ म्हणजे कुणी ठीक आहे ना ते बघून येणं. ‘चेक अप ऑन’ला मात्र पाळत ठेवल्याचा वास येतो. माझ्या एका परिचितांनी आजारी सहकाऱ्याला काळजीपोटी कळवलं की मी तुझ्यावर ‘चेक अप’ करायला येतोय. सहकारी त्या दिवशी तापातही उठून लॅपटॉप उघडून बसला.